कमीत कमी दोनशे

हॅलो? … हॅलो? … हाव, औसा. माणिकप्पाची अडत. हाव बाई, मीच विरूपाक्ष… नांदेडचा ट्रंक कॉल ना? द्या, द्या जोडून.

हॅलो? रुद्राणी? … अगं मोठ्यानं बोल, खरखर लई हाय… हां, आता ऐकू येऊन राहिलं. बोल.

मी बरा हाय… हाव, सोमवारी बाजाराला असतोच की. म्हणून तर तुला सोमवारचाच फोन लावायला सांगितलाय… वहिनी बी बरी… लेकरं बी.

अव्वा? … अव्वा कशी हाय म्हणून मलाच विचारतीस व्हय! मीच तुला विचारणार होतो. कशी हाय अव्वा? करमतंय का तिला नांदेडात?

… अगं ऐक ना. जेवती का नीट? … अगं ऐक तर… हाव, हाव, मला ठाव हाय. सगळं ठाव हाय मला. तू नुस्तं हाव म्हण… न्हाई गं, डोकं फिरलं न्हाई माझं. मी अडतीत बसलोय. माणिकप्पा हायेत. अन् तलाठी साहेब बी बसलेत, अगदी माझ्या म्होरं, चहा घेऊन राहिलेत… भुजंगराव. तेच ते. आलं का ध्यानात? तेच विचारून राहिलेत, का बाबा विरूपाक्ष, तुझी आई लेकीकडं गेली ती परत कधी येणार…

एक मिनिट थांब हं. काय म्हणलात साहेब? … हाव, धाकटी बहीण. हायस्कुलात इंग्रजी शिकवती, विष्णुपुरीला ऱ्हाती, धरणापाशी. हाव, आई तिच्याकडंच… मजेत हाय म्हणती! धरणाचं पाणी पिऊन राहिली, तिला काय धाड भरली? … न्हाई न्हाई, उद्या मोजणीला हजर. तेच सांगून राहिलो बघा तिला.

हॅलो, रुद्री? ऐकलंस ना? उद्या वाडीत मोजणी हाय. माणसं मोजणार. अव्वाला सकाळी आठाच्या आत वाडीत पोचवायचं… ओरडू नको गं. नुस्तं हाव म्हण. तुला काय कळत नसलं तरी हाव म्हण.

आं? निघालात साहेब? बसा की… बरं, या जाऊन. पिशवी ऱ्हाऊ द्या हितंच, मी हाय. माणिकप्पा, तुमी बी? या, पान खाऊन या. मी बघतो दुकान. हाव.

…

रुद्री. गेले दोघं. हायस का तू?

… रडायला काय झालं? अजून मी काय सांगितलं बी न्हाई.

…

हाव.

हाव गं. अव्वा गेली.

… मागच्याच्या मागच्या शनिवारी. आज दहावा दिवस… दुपारी, बाराच्या सुमाराला… न्हाई, कसला रोग न्हाई. ऊन अन् वय. सकाळी अंबील पिली, वहिनीशी दोन शब्द बोलली अन् दुपारी गेली. बस.

… रड. रड घटकाभर. मी हाय फोनवर.

… हॅलो? हाव बाई, तीन मिनिटं झाली? वाढवा. पैसे तिकडून हायेत, तिला विचारा… वाढवा म्हणती ना? हां, वाढवा.

… तार? तार कशी करणार रुद्री? पोस्टात मजकूर सांगायचा म्हणजे सगळ्या औशाला सांगायचा. सांजच्याला तलाठ्याच्या कानावर गेलं असतं. पत्राचं बी तसंच, पोस्टमन आधी वाचतो मग देतो… हाव. दडवलं. हाव, दडवलंच म्हणून राहिलो ना! मी एकट्यानं न्हाई, सगळ्या वाडीनं दडवलं.

… का म्हणजे? टँकरसाठी.

… हाव, पाण्याच्या टँकरसाठी. आता तू शिव्या देणार ते मला ठाव होतं. दे. पण आधी ऐक. संक्रांतीला तुला एक कागद पाठवला होता, आठवतो? इंग्रजी टायपातला? त्यात एका ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती, याचा अर्थ काय म्हणून. वस्तीत ॲट लीस्ट दोनशे माणूस असलं तरच टँकर. तूच अर्थ लिहून धाडलास. तुझं पत्र अजून माझ्या खिशात हाय. थांब, वाचतो… न्हाई, वाचू दे. 'तीर्थरूप अण्णांस, ॲट लीस्ट म्हणजे कमीत कमी. ही खालची हद्द समजावी. दोनशे चालतील, दोनशे एक चालतील, पाचशे चालतील. एकशे नव्व्याण्णव चालणार नाहीत.' त्या एकशे नव्व्याण्णवच्या खाली दोन तांबड्या रेघा मारल्यास, पोरांच्या वहीत मारतीस तशा. मी हे पारावर सगळ्या वाडीला वाचून दाखवलं. सुईण खातूनबीला तर पाठ झालं. पोरींना म्हणायची, खालची हद्द हाय गं, खालची हद्द!

… न्हाई, तुझा काय दोष? तू अर्थ सांगितलास. अर्थ बरोबरच होता.

पहिल्या मोजणीला आमी किती भरलो ठाव हाय? दोनशे. बरोब्बर दोनशे. एक कमी न्हाई, एक जास्ती न्हाई. अन् सगळ्यात शेवटी कोण लिहिली? अव्वा. भुजंगराव आत बी आला न्हाई, उंबऱ्यातून वाकून बघितलं, वाकळ दिसली, विचारतो, जिती हाय ना? तर आतून अव्वा म्हणली, हाय रं बाबा, हाय! … हसलीस का? आमी बी लई हसलो तवा. तिथून जी फुगली अव्वा! म्या दोनशेवी, म्या दोनशेवी. जो येईल त्याला तेच. इतकी वर्षं कुणी विचारलं न्हाई अन् आता सगळी वाडी माझ्या जिवावर पाणी पिती, म्हणायची. अन् खरंच, टँकर आला की पहिला तांब्या तिला. घरोघरची बाई आधी तिला पाजणार, मग आपली घागर भरणार.

… हाव, तवा बरं वाटायचं. नंतर ध्यानात आलं. दोनशे म्हणजे कुणी हलायचं न्हाई. मडिवाळप्पाची सून हाय ना, रत्नम्मा? पहिलटकरीण. बाप गाडी जुपून न्यायला आला, सातव्या महिन्यात, रीतच हाय. आमी चार जणांनी त्याला वेशीतून परत लावला. पोरगी दाराशी उभी राहून बघत होती बापाकडं… हाव, मी बी होतो त्या चौघांत. मीच बोललो त्याला.

… हां, आता तेच सांगतो. कशी गेली ते.

टँकर उभा होता, रुद्री. सगळ्या बाया आडापाशी, घागरी खडखड वाजून राहिल्या. वहिनी पहिला तांब्या घेऊन घरात आली तर अव्वा… तिनं तेच पाणी तिच्या तोंडात घातलं. दोन थेंब गेले असतील, न्हाई तर गळ्यावरून. वहिनी दारात आली अन् मला नुसता हात हलवून दाखवला. ती रडली न्हाई. टँकरवाला दहा पावलांवर. हां हां म्हणता आडापाशी सगळ्यांना कळलं. कुणी तोंडातून आवाज काढला न्हाई. खातूनबीनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. दोनशे माणसं… एकशे नव्व्याण्णव. अन् घागरी भरायच्या थांबल्या न्हाईत. एक बी घागर थांबली न्हाई. मला त्याचाच राग येतो, झोपलं तरी तोच खडखडाट कानात.

… हाव, टँकर जाईस्तोर थांबायला पायजे होतं. पण त्याचं चाक बसलं होतं, तो म्हणला सांजपर्यंत मुक्काम. ह्या उन्हात सांजपर्यंत कसं ठेवणार? मातीची वेळ तर हीच… तळ्याच्या दुष्काळी कामावरचा मुकादम भाकर खायला गावात गेला होता. आपलं शेत तळ्याला लागूनच. जमीन लोखंड झालीय, आपल्या कुदळीनं खपली निघत न्हाई. कामावरच्या लोकांनी सरकारी पहारी घेतल्या अन् खड्डा काढला, चौकोनी, रीतीप्रमाणं. मुकादम आला असता तर म्हणले असते, तळ्याचंच माप घेऊन राहिलो.

… तेच, तेच. शेतापर्यंत न्यायचं कसं? टँकर वाटेवरच आडवा.

आपल्या लिंगायतात मयत बसवूनच नेतात, रुद्री. तेवढंच कामाला आलं.

… हाव. गाडीत बसवली. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती, पाठीशी तक्क्या, एका बाजूला वहिनी अन् एका बाजूला मी, खांद्यावर हात टाकून. हार न्हाई, गुलाल न्हाई. भजन न्हाई. रेवणप्पा स्वामी गाडीमागं चालत होते, मंत्र सगळे ओठातल्या ओठात. टँकरपाशी आलो तर तो ड्रायव्हर चाकाखालून उठला, हात पुसत. अन् म्हणतो… म्हणतो, अरे वा, आज आजी बसली की! कुठं निघाली आजी?

… मी काय म्हणणार? माझ्या तोंडातून निघालं, लेकीकडं. नांदेडला.

…

रुद्री? … रुद्री, हायस का? … ती म्हणायचीच ना रोज, उन्हाळा सरला की रुद्रीकडं जाते, धरण बघते. तेच तोंडात आलं. ड्रायव्हर म्हणला, जा आजी, पाणी पिऊन या पोटभर. रामराम केला त्यानं तिला.

… हाव बाई, ऐकतोय. वाढवा… वाढवा की! दर खेपेला काय विचारता?

… ऐकत असतील तर ऐकू दे. त्या बाईच्या घरी तरी कुठं नळाला पाणी हाय.

तर तेच भोवलं बघ. ड्रायव्हरनं सहज सांगितलं तलाठ्याला, म्हातारी लेकीकडं गेली म्हणून. तलाठ्यानं लगेच आकडा मांडला. दोनशेतून एक गेली. म्हणतो, मोजणीला जो हजर तोच धरायचा. पूर्वी साहेब उस्मानाबादहून येईस्तोर मेलेला माणूस बी कागदावर दोन वर्षं जगायचा. लातूर जिल्हा झाला तवा आपणच पेढे वाटले ना, हापीस जवळ आलं म्हणून? आलं की जवळ. आता आठ दिवसांत मोजायला येतात.

… खरं सांगून? कुणाला सांगू? पलीकडच्या तांड्यानं खरंच सांगितलं होतं. एकशे त्र्याण्णव. त्यांना टँकर न्हाई. टँकरचं पाणी आडात सोडतात, आमी ते उपसलं की त्यांच्या बाया तळातला चिखल फडक्यातून गाळून नेतात. आमी नेऊ देतो. म्हणजे एवढे भले आमी.

… हाव, बोल. बोल काय बोलायचं ते… निदान तुला तोंड तरी दाखवायचं होतं… हाव. निदान. तुझ्या पत्रात हे बी हाय बघ, खाली. 'ॲट लीस्टचा दुसरा उपयोग. सगळे मिळाले नाही तरी थोडे मिळाले, असे समाधान सांगताना. निदान, या अर्थी.' मला तवा कळलं न्हवतं हे कशाला लिहिलंस, मी कुठं विचारलं होतं? आता सगळी वाडी तेच बोलून राहिली. निदान लई भोगलं न्हाई. निदान तोंडात पाणी पडलं. निदान आपल्या शेतात गेली. मला कुणी निदान म्हणलं की त्याच्या कानाखाली काढावी वाटती. तुला न्हाई गं. तुला न्हाई म्हणलो.

अन् अव्वाच म्हणली होती. पाऊस पडेस्तोर मला मेली म्हणू नका म्हणली… हाव, म्हणली होती… खरंच… रुद्री, खरंच म्हणून राहिलो ना…

…

न्हाई. तसं काय म्हणली न्हाई ती.

ते मी वाडीला सांगितलं. खड्ड्यापाशी. कुणाच्या मनाला जड जाऊ नये म्हणून. आता सगळे म्हणतात, म्हातारी देवमाणूस, मरताना बी वाडीचा विचार केला. अव्वाला तर आपण मरणार हे ठाव बी नव्हतं. तिनं सकाळी वहिनीला विचारलं, रुद्रीच्या शाळेला सुट्टी कधी लागती… हाव. तू येते म्हणलीस अन् मीच पत्र टाकलं, लेकरं घेऊन येऊ नको, पाणी न्हाई. मीच. मला माफ करू नको. पण उद्याचं ऐक.

… उद्या तुला यावं लागतं.

न्हाई, माती बघायला न्हाई. ते मग. उद्या अव्वाच्या जागेवर तू.

… हाव. बरोबर ऐकलंस. तिचं लुगडं हाय, वाकळ हाय. तोंडावर पदर घ्यायचा अन् पडून ऱ्हायचं. भुजंगराव उंबऱ्यातूनच बघणार. फार तर अंगठा घेईल. हात तुझे तिच्यासारखेच, लांब बोटांचे. थोडी राख चोळू… अगं ऐक ना… ऐक… हाव, हाव, मी कसाई हाय. पुढं ऐक.

… तांड्यावरची म्हातारी आणून? त्यांना सांगायचं तरी काय? त्या बिचाऱ्या बी पाण्यावाचून मरायल्यात, त्यांचं तोंड कशाला बंद ऱ्हाईल? अन् वाडीतली प्रत्येक बाई आधीच मोजलेली हाय. तू एकटीच न मोजलेली. अन् साऱ्या औशाला ठाव हाय, अव्वा तुझ्याकडं गेली. तुझ्याकडूनच यायला पायजे ना ती.

… पंधरा दिवस. पंधरा दिवसांत रत्नम्मा मोकळी होती. लेकरू झालं की पुन्हा दोनशे. मग अव्वाला मरू देऊ. हलगी लावू, भजनी बोलावू, तू रीतीनं यायचं, वेशीपासून हंबरडा फोडत यायचं, तुला कुणी गप म्हणणार न्हाई. मी बी तवाच… मी अजून रडलो न्हाई रुद्री. कुठं रडू? घरात रडलं तर लेकरं भितात, रानात रडलं तर तळ्यावर माणसं.

… ते मला बी ठाव हाय. लेकरू जगलं तर. हाव. जगलं तर. ह्या वाडीत आता देवाला बी तेवढंच मागून राहिलेत सगळे.

… नको येऊस मग. तुझी मर्जी. मी जबरदस्ती करणार न्हाई. उद्या सांगून टाकतो, मेली म्हणून. परवापासून टँकर बंद. रत्नम्मा बाळंत होईल तवा तिला न्हाऊ घालायला खातूनबी कुठून पाणी आणंल ते तिचं ती बघंल… न्हाई, टोमणा न्हाई मारत. अगं न्हाई मारत. मला दुसरं बोलताच येईना झालंय.

…

हॅलो? … बोलत का न्हाईस? … हाय, हाय मी.

… हाव. सांजच्याला नांदेडहून लातूर. पहाटे लातूरहून सोलापूर गाडी, औशाला उतर. स्टँडच्या मागं मी आपली बैलगाडी घेऊन उभा हाय. कुणाशी बोलू नको. विचारलंच कुणी तर… हाव.

… हाव, तीच गाडी. दुसरी कुठून आणू?

… लुगडं? न्हाई, हिरवं तिच्या अंगावर गेलं. तू दिवाळीला दिलेलं ते निळं हाय. घडी बी मोडली न्हाई तिनं. धरण बघायला जायच्या दिवशी नेसणार होती.

… हं? काय म्हणलीस? … पुन्हा बोल, खरखर आली…

… कुठल्या कुशीवर?

…

डावी. डाव्या कुशीवर, भिंतीकडं तोंड करून. गुडघे पोटाशी घेऊन. उजवा हात वाकळेच्या भाईर काढून… हाव, तसंच. लहानपणी तुला थोपटायची तसाच हात… रुद्री? … हॅलो? … बाई, अहो बाई, कट करू नका, ती बोलून राहिली… हॅलो? नांदेड? … हॅलो?

…

आं? या साहेब. हाव, हितंच हाय तुमची पिशवी, ही घ्या… डोळ्यांना? काय न्हाई, पोती झाडली आत्ता, धूळ गेली…

हाव. लागला की फोन. झालं बोलणं. सांजच्या गाडीला बसवती म्हणली… न्हाई न्हाई, काळजीच नको. उद्या आठ वाजता या तुमी.

निघाली म्हणून समजा. अव्वा निघाली नांदेडहून.